आत्याबाईंच्या शेंडीवाल्या

टक्. गॅसच्या लायटरचा आवाज झाला आणि रीनाचा हात तसाच थांबला.

रोज सकाळी ह्या आवाजाला मागच्या अंगणातून उत्तर यायचं. आधी खुराड्यात पंखांची फडफड, मग कुणीतरी झोपेतच कुरकुरायची, मग म्हाताऱ्या कोंबड्याची घसा खाकरल्यासारखी बांग. स्वयंपाकघराची आणि खुराड्याची भिंत एकच. घरात लायटर वाजला की कोंबड्यांना कळायचं, बाई उठली, आता दार उघडेल. आज काहीच नाही. तिनं परत लायटर दाबला, चहासाठी नव्हे, नुसताच. टक्. पलीकडे तशीच शांतता.

ती मागच्या दारानं बाहेर आली. शामराव, तिचे सासरे, खुराड्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांच्या मांडीवर कपिली होती, घरातली सगळ्यात जुनी कोंबडी. तिची मान पाठीकडे पिळली गेली होती आणि एक डोळा वर आभाळाला लागला होता. शामराव ती मान दोन बोटांनी हळूच सरळ करत होते. सोडली की ती परत वळत होती.

"पाह्य ना," ते म्हणाले, "मान कशी करून राहिली."

रीना खाली वाकली. खुराड्यात आणखी तिघी आडव्या पडल्या होत्या. उरलेल्या भिंतीला चिकटून, डोळे मिटून बसल्या होत्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाळीमागे नव्या कोंबड्या मात्र पत्र्याच्या भांड्यावर चोची आपटत होत्या. त्यांना भूक लागली होती. त्यांना काहीही झालं नव्हतं.

"मानमोडी हाय," शामराव म्हणाले. जणू दारात कुणी नको तो पाहुणा येऊन उभा राहिला होता आणि ते फक्त त्याचं नाव सांगत होते.

खुराड्यातल्या कोंबड्या कमलाबाईंच्या. कमलाबाई, रीनाच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक डालगं होतं, आणि डालग्यात एक कोंबडा आणि एक कोंबडी. दोघांच्याही डोक्यावर पिसांची शेंडी. "लोकाच्या बायका पितळेचे गुंड आणतात, माह्या घरी डोक्यावर बुचडा बांधलेली सवत आली," असं शामराव आल्यागेल्याला सांगायचे आणि कमलाबाई आतून भांडं आपटायच्या. पुढे शामराव रिटायर झाले, गुढियारीकडे हे घर बांधलं, क्वार्टर सुटलं, पण कोंबड्या सुटल्या नाहीत. पहिल्या जोडीची लेकरं, त्यांची लेकरं, त्यांची लेकरं. शेंडी तीच.

कमलाबाईंचा नियम साधा होता. कुणाची अंडी खायची आणि कुणाची बसवायची हे त्या रंगावरून ठरवत नसत, आकारावरूनही नाही. आभाळात घार दिसली की जी कोंबडी पिल्लं टाकून पळते, तिची अंडी कढईत. जी पंख पसरून घारीच्या अंगावर जाते, तिची अंडी पुढच्या वेळेला टोपलीत, भुशावर. "अंडी तं सगळ्याच देतात. आई कोण होते ते पाह्याचं," त्या म्हणायच्या. वर्षानुवर्षं असं निवडत गेल्यामुळे ह्या कोंबड्या इतक्या रागीट झाल्या होत्या की गल्लीतली कुत्री त्यांचं फाटक टाळून जायची.

मागच्या हिवाळ्यात कमलाबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यांत त्यांची खाट अंगणातच असायची. एकदा त्यांनी रीनाला जवळ बोलावलं, कपिलीला तिच्या मांडीवर दिलं आणि तिची बोटं कोंबडीच्या मागच्या दोन हाडांमध्ये ठेवली. "दोन बोटं मावली तं अंडी देऊन राहिली समज. एक मावलं तं थांबली. थांबली म्हणून कापजो नोको. थांबते ते बसाले थांबते." आजारानं त्यांचा हात कागदासारखा झाला होता, पण त्यांनी धरलेली जागा बरोबर होती. "तुह्या हाताले समजते," त्या म्हणाल्या. रीनाला त्या घरात येऊन सात वर्षं झाली होती. तोवर कुणी तिला असं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर शामराव दोघांशीच बोलत, कोंबड्यांशी आणि पद्मजाशी. पद्मजा म्हणजे रीनाची लेक, यूकेजीतली, घरात पद्मू. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि आबांसोबत आबांची भाषा. यशदीपची, रीनाच्या नवऱ्याची, सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये शिफ्टची ड्युटी. तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. त्यामुळे दिवसभर अंगणात एक म्हातारा आणि एक पोट्टी, आणि त्यांच्यामागे शेंड्या हलवत चाललेलं ते लटांबर.

नव्या कोंबड्या आल्या त्या पद्मूमुळे. उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, लघवी चहासारखी. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, ग्लुकोज झालं, आणि बरी झाली तेव्हा पोरीचा फ्रॉक तिच्या अंगावर लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू अंडं सुरू करा, रोज एक. पण शेंडीवालीला रोज अंडं मागणं म्हणजे तिला ओळखतच नसणं. ती डझनभर अंडी देणार, मग खुडूक बसणार, मग तीन आठवडे तिच्याजवळ जायची कुणाची टाप नाही.

रीना सरकारी कुक्कुट केंद्रात गेली. तिथले इंद्रजीत भैया पक्ष्यांना टीके, म्हणजे रोगाची लस, लावायचं काम करत. त्यांनी तिला जाळ्यांपुढून फिरवत समजावलं. हे पांढरे ब्रॉयलर, दीड महिन्याचे झाले की कापायचे, ठेवले तर स्वतःच्याच वजनानं पाय मोडतात. ही वनराजा, मांसाला चांगली, अंडीही बऱ्यापैकी. ही ग्रामप्रिया, अंड्यासाठीच, अंगणात फिरून खाते, जास्त लाड लागत नाहीत. रीनानं ग्रामप्रियाच्या सहा तलंगा घेतल्या, अजून अंड्यावर न आलेल्या.

शामरावांनी खोका उघडून पाहिला. "ग्रामप्रिया? ही कोंबडी हाय का सरकारी योजना हाय?"

"मामाजी, वर्षाला दोनशेच्या वर अंडी देते."

"आन बसते किती?"

"बसत नाही. खुडूक होणं त्यांच्या जातीतून काढूनच टाकलं आहे म्हणे. बसल्या की अंडी बंद होतात ना."

शामरावांनी खोका थोडा तिरका करून पाहिला. "मंग हे कोंबडी नाही होये, नळ होये," ते म्हणाले. "फिरवला का अंडं पडते." पण पद्मूनं खोक्यात हात घातला होता आणि एक तलंग तिच्या बांगडीला चोच मारत होती. ती हसली. काविळीनंतर ती पहिल्यांदा अशी हसली. शामरावांनी स्वतःच उठून कोपऱ्यात जाळी ठोकली. "राहू दे. पण कमलाच्या कोंबड्याईत मिसळाच्या नाही. सांगून ठेवतो."

इंद्रजीत भैयांनी निघताना एक गोष्ट बजावली होती. नव्यांना राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचा, टीका झालेला आहे. घरी जुन्या असतील तर त्यांनाही द्या, नाहीतर एक दिवस सगळं अंगण साफ होईल. शामरावांना ते पटत नव्हतं. "कमलानं कधी सुई लावली नाही. आजपर्यंत जगल्याच ना?"

"सुई नाही मामाजी. पाण्यातून पाजतात. मी देते, माझ्या हातानं."

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. कमलाबाई त्या हाताबद्दल काय म्हणाल्या होत्या हे त्यांनी खाटेजवळ बसून ऐकलं होतं. "दे मंग," ते म्हणाले.

टीका कसा पाजायचा हे इंद्रजीत भैयांनी तिला दोनदा सांगितलं. "दीदी, नल का पानी बिल्कुल नहीं. दवाई वाला पानी लगा, तो टीका मर जाता है. जिंदा टीका है ये. बोरिंग का पानी लेना, ठंडा." रीनानं अगदी तसंच केलं. कोंबड्यांना सकाळपासून तहानलेलं ठेवलं. गल्लीच्या टोकाच्या हापशीवरून बादली भरून आणली, झाकून सावलीत ठेवली आणि टीक्याची कुपी आणायला चौकात गेली. बर्फ भरलेल्या थर्मासात कुपी ठेवून, स्कूटी हळू चालवत परत आली. बादलीत टीका मिसळला, पसरट भांड्यांत ओतला. शेंडीवाल्या तुटून पडल्या. चोच बुडवायची, मान वर करायची, पाणी गिळायचं, परत बुडवायची. बघता बघता भांडी कोरडी झाली. रीनाला वाटलं होतं, आत्याबाईंनी बघायला हवं होतं.

आणि आता, महिनाभरानं, ही सकाळ.

कपिली दुपारी गेली. त्या आठवड्यात एकेक करत सगळ्याच गेल्या. म्हातारा कोंबडा शेवटी गेला. त्याला उभं राहता येत नव्हतं, तो गोल गोल फिरायचा आणि पडायचा. पद्मू त्याच्यासोबत फिरायची, त्याला एकटं वाटू नये म्हणून. रोज एक खड्डा. शामराव खणायचे, चुना टाकायचे, माती लोटायचे. जाळीमागच्या सहा जणी खात-पीत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं त्याच आठवड्यात पहिलं अंडं दिलं. कुणी ते उचललं नाही.

कुठून आला हा रोग, ते शामरावांना पक्कं माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी आठवडी बाजारातून एक कोंबडा आणला होता. म्हातारा थकला होता, रक्त बदलायला हवं होतं, आणि बाजारात अचानक एक शेंडीवाला दिसला. इतक्या वर्षांत कमलाबाईंच्या अंगणाबाहेर त्यांनी शेंडी पाहिली नव्हती. लहान पोरासारखे ते त्याला छातीशी धरून ऑटोतून घेऊन आले. "कमलाचं माहेर भेटलं मले बाजारात," असं म्हणत त्यांनी फाटक उघडलं होतं. तो कोंबडा चार दिवस पेंगत राहिला आणि मेला. तेव्हा त्यांना वाटलं, उन्हानं.

मेलेल्यांपैकी एक पिशवीत घालून रीना जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर चित्रा अमरावतीच्या होत्या. रीनाचं आडनाव ऐकताच मराठीत बोलू लागल्या. कोंबडी उघडून बघितल्यावर त्यांनी हातमोजे काढले. "राणीखेतच. पण टीका दिला म्हणता, मग एवढ्या जायला नको होत्या. दोन-चार गेल्या असत्या, बाकीच्या तरल्या असत्या. टीका लागलाच नाही ह्यांना. कुपी गरम झाली होती का?"

"नाही मॅडम. बर्फातच होती."

"पाणी कोणतं घेतलं?"

"हापशीचं."

"नळाचं नाही? क्लोरीनवालं?"

"नाही. मीच भरून आणलं."

डॉक्टर खांदे उडवून म्हणाल्या, "मग काय सांगू."

घरी आल्यावर ती हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम होता. कावीळ झाल्यापासून वस्तीतली आरोग्यसेविका, मितानिन दीदी, क्लोरीनची बाटली देऊन जायची, आणि रीना त्यात सांगितल्यापेक्षा जास्तच थेंब टाकायची. भीतीच तशी होती. पद्मूला तिनं शंभरदा सांगून ठेवलं होतं, हापशीच्या पाण्याला तोंड लावायचं नाही, ते खराब असतं, त्यानंच तुझे डोळे पिवळे झाले होते. फक्त ह्या ड्रमचं.

तिनं ड्रमवर हात ठेवला आणि तिला आठवलं. टीक्याच्या दिवशी दुपारी हा ड्रम तळाला गेला होता. तिला वाटलं होतं यशदीपनं आंघोळीला वगैरे घेतलं, आणि ती त्याच्यावर करवादलीही होती. आणि अंगणातल्या पपईच्या आळ्यात पाणी साचलं होतं. आणि पद्मूचा फ्रॉक पुढून ओला होता.

पद्मू पायरीवर बसून चित्र रंगवत होती. रीना तिच्याजवळ बसली. आवाज साधा राहील ह्याची तिनं खूप काळजी घेतली.

"पद्मू, त्या दिवशी मी बादली भरून ठेवली होती ना कोंबड्यांसाठी? दवाईच्या दिवशी?"

"हव."

"त्या बादलीतलं पाणी..."

"वो मैंने बदल दिया था," पद्मू रंगवता रंगवताच म्हणाली. "हापशी का था ना. त्यांना पण पीलिया हो जाता. मी पपईले टाकून देलं आणि आपल्या ड्रम का भर दिया. मग्यानं. बहुत सारे मग्गे." मग तिनं मान वर केली. "अच्छा किया ना?"

रीनानं तिला मांडीवर ओढून घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं. केसांना उन्हाचा आणि खडूचा वास येत होता. "हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती.

यशदीपला तिनं सांगितलं. तो कामाचे बूट काढत होता, तसाच थांबला. "कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "बाबाले तं बिलकुल नाही. पोट्टीशिवाय त्यांच्याजवळ हाय कोण?" तिनंही तेच ठरवलं होतं. गप्प राहायचं. रोग बाजारातून आला हे खोटं नव्हतंच.

पण खुराड्याच्या कोनाड्यात अंडी सापडली. कपिलीची आणि तिच्या लेकीची, त्या पडायच्या आधीच्या दिवसांतली. शामरावांनी ती एकेक करून पदरात घ्यावी तशी शर्टाच्या घेरात घेतली. बसवायला खुडूक कोंबडी हवी. पुरानी बस्तीत राहणाऱ्या कुसुमताईंकडे, कमलाबाईंच्या जुन्या मैत्रिणीकडे, ते स्वतः जाऊन आले. त्यांच्याकडे आता कोंबड्याच नव्हत्या, अंगण गेलं होतं, घरावर मजला चढला होता. आणि जाळीमागच्या सहा जणी? शामरावांनी एकदा अंडं एकीच्या पोटाखाली सरकवून पाहिलं. ती उठली, त्याच्यावरून चालत गेली आणि दाणे टिपू लागली.

मग थर्माकोलचा खोका आला, त्यात बल्ब लागला. कोपऱ्यात पाण्याची वाटी, हवा कोरडी पडू नये म्हणून. अंडी दिवसातून काही वेळा फिरवावी लागतात, कोंबडी पायानं फिरवते तशी. चुकू नये म्हणून पद्मूनं प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं सूर्य काढला, दुसऱ्या बाजूला चंद्र. "आबा, सगळे चांद झोपले," असं ती सकाळी ओरडत यायची आणि शामराव उठून सगळे सूर्य वर करायचे. लाइट गेली की दोघं खोक्याला गोधडीत गुंडाळून, त्याला मिठी मारून बसायचे. कमलाबाई गेल्यानंतर शामराव इतकं कधीच बोलले नव्हते. कोणतं पिल्लू कपिलीवर जाईल, कोणाला काय नाव द्यायचं, घार आली तर काय करायचं.

एकदा पद्मू वाटी घेऊन स्वयंपाकघरात आली. "मम्मी, इसमें कौन सा पानी डालूँ?"

रीना पोळी लाटत होती. लाटणं एका जागी थांबलं. "कोणतंही टाक बेटा," ती म्हणाली.

तीन आठवडे झाले. मग आणखी दोन दिवस, मग आणखी एक. खोक्यात काही टिचलं नाही. संध्याकाळच्या उन्हात शामराव अंगणात बसले आणि पद्मूला म्हणाले, जा, आत जाऊन पाणी पिऊन ये. ती गेल्यावर त्यांनी एक अंडं पायरीवर हलकेच फोडलं. रीना दारात होती. आत पूर्ण पिल्लू होतं, चोच, नखं, ओली पिसं. डोक्यावर तांदळाएवढा फुगवटा, जिथे शेंडी यायची तिथे. ते कधीच थंड झालं होतं.

त्यांनी उरलेली अंडी फोडली नाहीत. भिंतीच्या कडेला खड्डा करून तशीच ठेवली, सूर्य वर करून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भात बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी त्यांची रेक्झिनची बॅग पलंगावर होती, त्यात दोन धोतरं, औषधाचा डबा आणि कमलाबाईंचा फोटो. "भंडाऱ्याले जातो," ते म्हणाले. "भावाकडे राहीन. अंगणात पाय ठेववत नाही मले."

पद्मू बॅगेच्या पट्ट्याला धरून उभी होती. "आबा, कितने दिन के लिए?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. गेल्या तीन दिवसांत ते तिच्याकडेही पाहत नव्हते. "माह्याच हातानं मी कमलाचं संपवलं," ते भिंतीला म्हणाले. "बाजारातून यमाले उचलून आणलं म्या. छातीशी धरून. तिनं चाळीस वर्षं सांभाळलं, म्या चार दिवसांत..." त्यांनी कपाळ भिंतीला टेकलं. रीनानं त्यांना असं फक्त एकदा पाहिलं होतं, स्मशानात.

"पद्मू, बाहेर जा," रीना म्हणाली. पद्मू दारापर्यंत गेली.

"मामाजी, तुमच्या कोंबड्यानं नाही झालं ते."

"समजूत नोको काढू."

"समजूत नाही. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, टीका लागला असता तर रोग येऊनही त्या वाचल्या असत्या. टीका लागला नाही. पाणी चुकलं." ती एका दमात पुढचं बोलली. "हापशीचं आणलं होतं, पण मग मला वाटलं ते खराब आहे. मी ड्रमचं घातलं. क्लोरीनचं. टीका त्यातच मेला. माझ्या हातानं झालं."

शामराव तिच्याकडे पाहत राहिले. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून खाली तिच्या हातांवर आले आणि तिथेच थांबले. तिनं हात पदरात घेतले.

"तुले तं त्या टीकेवाल्या पोरानं सांगितलं होतं ना, नळाचं नोको म्हणून."

"हो."

"तरी."

"हो."

"कमलाले तुह्या हातावर लई भरोसा होता," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी बॅग उघडली, फोटो बाहेर काढला, खिळ्याला लावला. धोतरं परत कपाटात गेली. ते बाहेर आले, पायरीवर बसले आणि पद्मूला हाक मारली. "ये वं. आबा कोठी नाही जात."

तसंच झालं. आबा कुठेही गेले नाहीत. ते जेवू लागले, पद्मूला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडू लागले, तिच्यासोबत जाळीमागच्या सहा जणींना दाणेही टाकू लागले. "चला वं सरकारी बायांनो, जेवा," असंही एकदा म्हणाले, आणि पद्मू पोट धरून हसली. रीनानं खिडकीतून ऐकलं. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं.

फक्त ती चहा घेऊन गेली की ते म्हणत, "ठेव तिथं." तिनं दिलेला कप हातात घेत नसत. ती वळून गेली की मग उचलत. ताटही तसंच. आणि संध्याकाळी एखादी कोंबडी लंगडते आहे असं वाटलं, तर पूर्वी जे "रीना, हात लावून पाह्य ना" म्हणायचे, ते आता स्वतःच चाचपत बसत. त्यांच्या जाड बोटांना हाडांमधली जागा सापडत नसे. ती दारात उभी राहून बघत असे, आणि त्यांना ती उभी आहे हे माहीत असे. यशदीप एकदा चिडून म्हणाला, "सांगून टाकतो मी बाबाले खरं." रीना म्हणाली, "मग ते पद्मूच्या हातातून कप घेतील का, ते आधी सांग." तो ड्युटीचा डबा उचलून निघून गेला.

रविवारी दुपारी शामराव आत झोपले होते. रीना पायरीवर बसून पद्मूच्या डोक्याला तेल लावत होती. पोरीचे गाल आता भरले होते, डोळे पांढरे स्वच्छ होते. रोज अंडं खाते, डॉक्टर खूश होते. ती आईच्या गुडघ्यांमध्ये बसून समोरच्या रिकाम्या खुराड्याकडे बघत होती. आज बराच वेळ ती गप्प होती, आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"दुखतं का? हळू ओढू?"

"नाही."

रीनानं भांग पाडला, एक बाजू वेणीला घेतली.

"मम्मी," पद्मू म्हणाली. आज ती हिंदीत बोलत नव्हती. ती आबांच्या भाषेत बोलत होती, हळू, एकेक शब्द शोधून. "तू आबाले सांगून राहिली होती तवा मी दरवाज्याच्या मागं होती."

रीनाच्या बोटांमधली वेणी सुटली.

"पाणी तं मी बदललं होतं ना?" पोरीनं मागे वळून वर पाहिलं. "मंग त्या माह्या पाण्यानं मेल्या का?"